रुखवतातला फ्रिज

अख्ख्या परळ-लालबागमध्ये आमंत्रणाशिवाय लग्नाला जाऊन वर नवरदेवालाच घाम फोडणारा माणूस एकच, आमचे आयरिश फादर. माहीमच्या चर्चमागे राहायचे. पांढरा झगा, पायांत रबरी चपला आणि तोंडात स्वयंपाकाच्या बाईंकडून उचललेली अस्सल मालवणी. दरवर्षी आमच्या कॉलेजात यायचे आणि धर्माबद्दल चकार शब्द न काढता एकच मागायचे, "हुंडा घेऊ नकात." आम्ही मुलं त्यांच्या वहीत भराभर सह्या ठोकायचो. पण फादर बेरकी. सहीपुढे आईचा फोन नंबर लिहून घ्यायचे. "पोरगो सही करता, मागता ती आवस," म्हणायचे. मग वर्षा-दोन वर्षांनी आईला फोन करून लग्नाची तारीख काढायची आणि वही घेऊन हजर! माझ्या एका मित्राच्या गळ्यातली चेन सासरची नसून त्याच्याच आईच्या बांगड्या मोडून केली आहे, ही खात्री खुद्द त्या आईकडून पटल्यावरच त्यांनी जिलबीला हात लावला होता.

माझं लग्न दादरला झालं. रुखवताच्या टेबलावर कुरडया, विणलेली तोरणं, साखरेचं देऊळ, आणि शेजारी कुंकवाचं स्वस्तिक काढलेला दोन दारांचा फ्रिज. तो आमच्या काकांनी सासऱ्यांकडे मागितला होता. "रुखवतातलं हुंड्यात धरत नाहीत रे," असं त्यांनी मला पटवलं होतं आणि मी शहाण्यासारखं पटवून घेतलं होतं.

फादरनी कुरडयांचं तोंड भरून कौतुक केलं, तोरण हातात घेऊन टाके बघितले. मग फ्रिजपाशी थांबले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "खरां काय तां सांग. ह्यो पोरीन हातान विणल्यान?"

मी नजर चुकवायला मान वळवली. मागे सासरे हात जोडून उभे होते. सकाळपासून ते तसेच उभे आहेत, हे मला तेव्हा दिसलं. फार लाज वाटली. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, हा फ्रिज तुम्ही परत न्या. आम्हांला नको." काका ताडकन उठून न जेवता घरी गेले. सासरे मात्र खुर्चीत बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं झालं हो." इतकं हलकं मला उभ्या आयुष्यात वाटलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि फादर मायदेशी परतले. कॉलेजातल्या पोरांना आता कोण विचारत असेल, कोण जाणे. सासरे हल्ली येतात, हक्काने चहा मागतात, आणि मला बरं वाटतं. पण त्या दिवशी कुणी विचारलंच नसतं, तर मी गप्प राहून तो फ्रिज घरी आणला असता, हेही मला ठाऊक आहे.