दोघांची एकच तारीख

कोर्टाची पायरी चढली की किस्से जमतातच. जमिनीच्या दाव्याचे किस्से लोक चहाबरोबर चवीनं सांगतात. माझे घटस्फोटाचे, म्हणून इतकी वर्षं तोंडातून निघाले नाहीत.

मी मोहोपाड्याला केमिकल फॅक्टरीत होतो, शैला कर्जतला शाळेत शिकवायची. आम्ही बौद्ध, ती कर्जतच्या जुन्या ब्राह्मण घरातली. रजिस्टर लग्न केलं तेव्हा आमच्या वस्तीनं सत्कार केला होता. हार, भाषणं, सगळं. तिच्या घरचे ‘टिकलं तर बघू’ एवढंच म्हणाले होते. त्यामुळे मोडताना दोन्हीकडे तोंड दाखवायची सोय उरली नाही.

मोडलं कशानं? माझ्या पाळ्या, तिची शाळा आणि घरात साचत गेलेला अबोला. शेवटी तिनं कर्जतला खोली घेतली.

*

वकील खोपोलीचे. त्यांनी मला विचारलं, बाईंचा वकील कोण? शैला म्हणाली, “दोघांचे तुम्हीच.”

त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. मग समजावलं की भांडण नसेल तर दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, काही महिने थांबायचं आणि पुन्हा दोघांनी येऊन तेच सांगायचं.

“थोडक्यात, तुमचं एकमत पाहिजे,” ते म्हणाले.

कितीतरी दिवसांत आमचं झालेलं ते पहिलंच एकमत!

*

तारीख अलिबागला. खोपोलीच्या शिळफाट्यावर मी एसटीत चढलो तर शैला आधीच बसलेली. मी मान वळवून मागं निघालो, तेवढ्यात तिच्या शेजारचा, खिडकीकडचा माणूस उठला. त्याचा मुलगा तिच्या वर्गात होता.

“बाई, साहेब आलेत. बसू द्या त्यांना.”

नाही म्हणायला कारण काय सांगणार? बसलो. वळणांवर तिला मळमळायचं, म्हणून सवयीनं खिडकीची जागा तिला दिली. तो गृहस्थ उभ्या उभ्या पुढच्या सीटवरच्या आपल्या बायकोला म्हणाला, “बघ, किती जपतात.”

अलिबाग येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

*

फॅक्टरीत मी सांगून ठेवलं होतं की गावच्या जमिनीचा दावा चालू आहे. आमच्या खात्यातले पाटीलमामा या विषयातले जाणकार. ते रोज डबा खाताना मला मोजणी, हद्द, वारस समजावून सांगत. मी मान डोलावत असे.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तेच उभे! त्यांचा दावा खरा होता. “तुमची पण आज तारीख?” म्हणाले, आणि तेवढ्यात शिपायानं आमची दोघांची नावं खड्या आवाजात पुकारली. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव. मामांनी शैलाकडे पाहिलं आणि लगेच वळून भिंतीवरची नोटीस वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी हद्दीचा विषय काढला नाही. पुन्हा कधीच काढला नाही.

*

जजसाहेब वयस्क, बोलायला मऊ. अर्ज वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. जातीवरून काही त्रास झाला का, असं विचारलं.

“नाही,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं. शैलाला रडू फुटलं. “साहेब, तसं लिहू नका,” ती म्हणाली. “आमच्यामागून कुणी असं लग्न करणार असतील, त्यांना लोक तेच दाखवतील.”

हे मला सुचायला हवं होतं.

*

आई खालापूरजवळ गावी राहायची. नोकरीमुळे शैला कर्जतला असते, असंच तिला सांगितलेलं. निकाल लागल्यावर मात्र सांगावंच लागलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, निवडत राहिली.

सकाळी पाहतो तर ती लुगडं बदलून रस्त्याला उभी, टेंपोची वाट बघत. हातात गाठोडं. त्यात तांदळाचं पीठ आणि सुकट. ती खायला शैला आमच्याकडे येऊन शिकली होती.

कुठं निघालीस, विचारलं.

“कर्जतला. शैलाकडं.”

मी तिला हळू आवाजात सांगितलं की कोर्टानं निकाल दिलाय, कायद्यानं ती आता आपली कुणी नाही, तू गेलीस तर लोक काय म्हणतील. मला मान वर करवत नव्हती.

टेंपो थांबला. आईनं आधी गाठोडं आत सारलं, मग माझ्याकडं वळली.

“सह्या तुमी दोगांनी केल्यात रं. माजी कुटं घेतली?”