अक्काची झोप

सोयाबीनच्या काढणीत, दुपारी, पोखर्णीच्या शेतात वीज पडली. माझी थोरली बहीण सुमन तिथेच गेली. फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या शाळेत सातवीचा तास घेत होते.

महिना होत आला. लोक अक्काच्या कष्टांबद्दल बोलतात. मला तिची झोप आठवते... मुश्किलीने परत मिळालेली.

पाळी थांबली तेव्हा ती हसून म्हणाली होती, "सुटले बघ. आता लोणच्याला कधीबी हात लावीन." मग हळूहळू झोप उडाली. अंगातून वाफा निघत, पदर घामाने भिजे. पुढे ती बोलेनाशी झाली. एकदा भाकरी थापताना मध्येच थांबली. "रडूच यायलंय गं. कोण मेलं न्हाई, तरी..." मी भ्याले. तिला परभणीला डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासण्या करून त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, यानं महिन्याला थोडा रक्तस्राव होऊ शकतो, ती पाळी नव्हे, घाबरून गोळी सोडू नका. दोनेक महिन्यांत अक्का झोपू लागली. फोनवर मला चिडवू लागली, "मास्तरीण, तुझा आवाज ऐकला की जांभई येते."

आणि ऐन लोणच्याच्या दिवसांत तो स्राव आला. अक्काच्या सासरी शिवाशीव कडक. "गोळी बंद करते," ती फोनवर म्हणाली. मी तशीच पोखर्णीला गेले. पडवीत कैऱ्यांचा ढीग होता आणि दोघी सासू-सुना समोरासमोर बसल्या होत्या.

"गेलेली परत आली व्हय? मग बस बाजूला," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, पाळी न्हाई ही, औषधाचं हाय. गोळी सोडली की मी पुन्ना तशीच हुईन. तुमीच सांगा, सोडू का?"

सासूबाई बराच वेळ कैऱ्या पुसत राहिल्या. मग अडकित्ता तिच्याकडे सरकवला. "फोडी कर. मीठ मी टाकते."

त्या दुपारी अक्का पडवीतच, कैऱ्यांच्या वासात, गाढ झोपली. सासूबाई पदराने तिच्यावरच्या माशा वारत बसल्या. मी बघत राहिले... त्यानंतर तिचे डोळे मिटलेले पाहिले ते थेट काढणीच्या त्या दिवशी.

परवा गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्यापुढे बरणी ठेवली. "नासलं न्हाई बघ," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

बरणीत अजून निम्मं लोणचं आहे.