धड स्पीकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज रेडिओ तापला, धुळकट कापडाचा वास आला आणि इंग्रजांच्या काळातलं चौकातलं ते दुकान आठवलं. घरी जोडलेल्या रेडिओसाठी मला स्पीकर निवडायचा होता. दुकानदारानं दोन वाजवून दाखवले. वेदपाठी बाबांना कमी ऐकू येई. लहान स्पीकरला कान लावून ते म्हणाले, "हाच घे रे, यात अक्षर न् अक्षर सुटं येतंय."

मला मोठ्यातला तबल्याचा घुमारा हवा होता. "बाबा, या लहानाचा आतला पडदा फाटलाय," मी खोटंच बोललो.

"बरं, तुला त्यातलं कळतं."

पुढे रोज ते मोठ्या स्पीकरसमोर मान डोलवत बसत आणि हळूच आईला विचारत, "काय म्हणाला गं तो?"

मणिकर्णिकेच्या घाटावर मीच त्यांना अग्नी दिला. पडदा धड होता, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंच आहे.