माघारी फिरण्याची परीक्षा

कोल्हापूरजवळच्या आमच्या गडमुडशिंगीत कुणाचा मुलगा नुसता मुलाखतीला निवडला गेला तरी चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. त्या मानाने संयोगिता दांगट हवाई दलात विंग कमांडर झाली तरी चौदा वर्षांत तिचा एकही फ्लेक्स लागला नाही. ती येणार कधी हेच कुणाला कळायचं नाही आणि आली की दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात म्हशीची धार काढताना दिसायची. फ्लेक्स लावणाऱ्यांची अशा माणसापुढे पंचाईत होते.

मी तिला नववीत भूगोल शिकवला. निवृत्त मास्तर गावातल्या प्रत्येक कर्तबगार माणसाच्या यशात आपला वाटा सांगत फिरतो, हे मला ठाऊक आहे आणि मीही त्यातलाच. पण ही हकीकत तिच्या पास होण्यापेक्षा नापास होण्याची जास्त आहे. नापासात वाटा मागायला सहसा कुणी येत नाही, म्हणून मीच सांगतो.

हवाई दलात ती मालवाहू विमान चालवायची. ईशान्येकडच्या डोंगरात, जिथे रस्ता वर्षातले सहा महिने बंद असतो, तिथे जवान, तांदूळ, रॉकेल, औषधं पोचवायची आणि परत येताना आजारी माणसं आणायची. तिथल्या धावपट्ट्या दोन डोंगरांच्या मधे दरीत बसवलेल्या. एकदा बनाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, माझ्यासमोरच तिला विचारलं, "आन् उतराय जमलं न्हाय तर गं?"

"नदीचं एक वळण हाय, आई. तितवर परत फिरता येतंय. वळण वलांडलं की फुडं कडाच हाय. मग उतरायचंच."

बनाबाई उठून चहा ठेवायला गेल्या.

तिची नेमणूक चौदा वर्षांचीच होती. ती संपली तेव्हा संयोगिता सदतीस वर्षांची होती. पेन्शन नाही. लग्न केलेलं नाही, आणि ते का केलं नाही हे विचारायची हिंमत गावात एकाच बाईने केली. ती बाई अजून तिच्या समोरून जात नाही. हातात होतं ते लॉगबुक, तीन हजारांवर तासांच्या उड्डाणांचं. भाऊ सयाजीचं शिरोली एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "ताई, माझं ऑफिस सांभाळ की. सगळी तुला सॅल्यूट मारतील." ती हसली आणि म्हणाली, "सया, मला अजून उडायचं हाय."

विमान कंपनीत जायचं तर हवाई दलातला अनुभव एकटा पुरत नाही. नागरी लायसन वेगळं काढावं लागतं. हवेचे नियम, हवामानशास्त्र, दिशाज्ञान, विमानाची तांत्रिक माहिती, वर रेडिओवर बोलण्याची परीक्षा. ज्या बाईने ढगात बुडालेल्या दरीतून विमान बाहेर काढलंय, तिला ढगांचे प्रकार लिहून दाखवा म्हणणं मला तरी अपमानास्पद वाटलं. मी तसं म्हणालोही, मोठ्या आवाजात. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही प्रश्न इचारा. रागवायचं काम मागनं करू."

मग चार महिने रोज संध्याकाळी मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून प्रश्न विचारले. हवामानाच्या पेपरात आपण गुरू ठरणार असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात तिने माझी दोन उत्तरं खोडली, मी तीस वर्षं पोरांना शिकवलेली. घरी येऊन मी माझी जुनी वही बायकोला दिसणार नाही अशा जागी ठेवली. संयोगिता सगळे पेपर पहिल्याच झटक्यात पास झाली.

मग कंपनीची चाचणी. सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवर उभी केलेली विमानाची नुसती केबिन. आत बसलं की खरंच उडतोय असं वाटतं. ही चाचणी तिच्या हातचा मळ असणार याबद्दल आम्हाला कुणालाच शंका नव्हती. सयाजीने तर आधीच फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवला होता.

संध्याकाळी तिचा फोन आला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखं 'आलो, गेलो' बोलतात तशीच ती बोलते, विंग कमांडर झाली म्हणून बदलली नाही.

"सर, नापास झालो."

"कशात?"

"उतरण्यात."

"तू? उतरण्यात? चुकलं काय?"

"उतरलो, ह्येच चुकलं."

मग तिने सांगितलं. धावपट्टी समोर होती. पाचशे फुटांवर मागून वारा आला आणि विमानाचा वेग हवा त्यापेक्षा बराच जास्त झाला. नागरी विमानसेवेचा नियम साफ आहे: त्या उंचीवर सगळं जागच्या जागी नसेल तर उतरायचं नाही, इंजिनाला ताकद द्यायची, परत वर जायचं आणि पुन्हा यायचं. त्याला गो अराउंड म्हणतात. तिने तसं केलं नाही. विमान हातात धरून, दामटून, रेषेवर आणलं आणि अलगद टेकवलं. परीक्षक म्हणाला, इतकं सुरेख लँडिंग मी या महिन्यात पाहिलं नाही. पण तुमच्या मागे सत्तर प्रवासी होते आणि वर जायला सगळं आकाश मोकळं होतं. मग तुम्ही उतरलात का?

"तुझं उत्तर काय?"

"सर, माझ्या मनात वर जायचं आलंच न्हाय."

हवाई दलाने तिला जे शिकवलं होतं, ज्यावर तिथे माणसं जगली होती, तेच इथे आडवं आलं होतं. सहा महिन्यांनी आणखी एक संधी होती. त्यात नापास झाली तर त्या कंपनीचं दार कायमचं बंद, आणि तिचं वय पाहता दुसरीकडे दाद लागण्याची आशा नव्हती. मग शिरोलीतलं ऑफिस आणि सयाजीच्या कामगारांचे सॅल्यूट.

मी परीक्षकाच्या नावाने फोनवरच चार शिव्या घातल्या. तिने एकही घातली नाही. घरी आली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या सगळ्या घड्याळांचं नि बटणांचं मोठं चित्र छापून आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची मांडली. हवाई दलात ती कॅप्टन होती, म्हणून डावीकडच्या खुर्चीत बसायची आणि इंजिनाच्या दांड्यावर तिचा उजवा हात असायचा. कंपनीत ती सुरुवातीला सहवैमानिक होणार, म्हणजे उजवी खुर्ची आणि दांड्यावर डावा हात. त्या हाताला सवय लागावी म्हणून ती पिठलंसुद्धा डाव्या हाताने हाटायला लागली.

"सर, हिला कायतरी सांगा की," बनाबाई मला म्हणाल्या. "गुठळ्या हुत्यात्या नुसत्या."

माझं काम ठरलेलं होतं. मी उंची मोजत जायचं, हजार, आठशे, पाचशे, आणि मनात येईल तेव्हा मधेच खोट काढायची. वेग जास्त. वारा मागून. पट्टी दिसत नाही. मी खोट काढली की तिने त्याच क्षणी "गो अराउंड" म्हणून डावा हात पुढे रेटायचा. पहिले कित्येक दिवस तिचा हात एक क्षण अडायचा. तेवढ्या क्षणात तिच्या डोळ्यांसमोर नदीचं ते वळण यायचं, हे तिने न सांगता मला कळायचं. बनाबाई भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकायच्या.

बसल्या जागी सराव पुरेना, तेव्हा ती म्हणाली, "सर, कुठंबी इचारा. मी बेसावध असताना." मग मी तिला कुठेही गाठायला लागलो. गोठ्यात, रिक्षात, एका लग्नात अक्षता टाकताना. एकदा लक्ष्मीपुरीच्या बाजारात ती वांगी निवडत होती आणि मी मागून ओरडलो, "पाचशे फूट! वेग वीसनं जास्त!"

"गो अराउंड!" तिने वांगं टाकून हात असा रेटला की भाजीवाला मागे सरकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पावणं, बरं हाय न्हवं सगळं?"

बरं होतं. त्या दिवशी हात अडला नव्हता.

लोक मला विचारतात, त्या पोरीचं एवढं कौतुक तुम्हाला कशाचं? दरीत विमान उतरवणारे धाडसी असतातच, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण जे आपल्याला सगळ्यात उत्तम येतं, ज्याच्यावर आपण मान मिळवला, तेच सदतिसाव्या वर्षी स्वयंपाकघरात बसून आपल्या हाताला विसरायला लावायचं, तेही कुरकुर न करता? मला माझ्या वहीतली दोन चुकीची उत्तरं सोसली नव्हती. मी तिच्यापुढे मनातून हात जोडले, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या चाचणीत परीक्षकाने तीनदा ऐन उतरताना विमान बिघडवलं. ती तीनदा वर गेली. पास झाली. मग काही महिन्यांचं प्रशिक्षण, आणि ती तिच्याहून नऊ वर्षांनी लहान कॅप्टनच्या शेजारी उजव्या खुर्चीत बसून उडायला लागली.

पुढच्या श्रावणात तिला हैदराबाद-कोल्हापूर विमान मिळालं. आमचा विमानतळ गावाला खेटून, उजळाईवाडीला. बातमी फुटली आणि चौदा वर्षांची कसर गावाने एका दिवसात भरून काढली. वीस फुटी फ्लेक्स, हलगी, फेटे, दहा किलो पेढे. शंभरेक माणसं विमानतळाच्या बाहेर जमली. बनाबाई नवं लुगडं नेसून कुंपणाजवळ उभ्या होत्या. पाऊस नव्हता, पण ढग खाली उतरलेला.

ठरल्या वेळेला आवाज आला. ढगातून विमान बाहेर पडलं, चाकं काढलेली, अगदी खाली. कुणीतरी ओरडलं, "आली रं आली!" हलगी कडाडली. आणि पट्टी गाठायला थोडंच अंतर राहिलं असताना इंजिनांचा आवाज एकदम वाढला, विमानाचं नाक वर झालं आणि ते डोक्यावरून पुन्हा ढगात शिरलं.

हलगी थांबली. आम्ही वाट पाहिली. अर्ध्या तासाने आतून निरोप आला की विमान बेळगावला उतरवलंय, प्रवासी गाडीने येतील, विमान तिथूनच परत जाईल. तेवढ्यात तिचा फोन आला, माझ्याच फोनवर. "सर, ढग लय खाली हुता, पट्टी दिसली तवा आम्ही बाजूला हुतो. विमान माझ्याच हातात हुतं. गो अराउंड मीच म्हणलो. खाली सगळी दिसली वो मला, फेट्यासकट." मग म्हणाली, "आईला सांगा." मी बनाबाईंना सगळं सांगितलं.

माझ्या मागून सत्काराचे मुख्य आयोजक बंडू सावकार मोठ्याने म्हणाले, "एवढ्या जवळ यिऊन उतरता आलं न्हाय व्हय? आन् आमी शंभर माणसं गोळा केलीया!"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं, पण बनाबाईंनी मला हातानेच गप्प केलं. पेढ्यांचा पहिला खोका त्यांनी स्वतः फोडला.

"चौदा वर्सं फोन वाजला की माझं काळीज तोंडात यायचं," त्या म्हणाल्या. "त्या दरीत तिला फिराय जागाच न्हवती. आज सारं गाव बघत हुतं, तरी माझी पोरगी माघारी फिरली. घ्या, त्वांड ग्वाड करा."

आणि पहिला पेढा त्यांनी बंडू सावकारांच्या हातावर ठेवला.