घोटभर पाणी

चकलांब्याच्या चतुराबाईला पाण्यातलं सगळं कळतं, असं गाव म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. कोणत्या विहिरीला कधी पाझर सुटतो, टँकरचा भोंगा कुठं वाजला की पळायचं, तिला तोंडपाठ. टँकरवरच्या भांडणात तर सरपंचही तिच्यापुढं नांगी टाकायचा. त्या सालच्या दुष्काळात गावातलं दूध आटलं, सहकारी डेअरीला कुलूप लागलं, तेव्हा डेअरीचा एक छोटा कॅन तिनं पाण्यासाठी हक्कानं घरी आणला. जन्मभर दूध घातलं होतं तिथं! मुलगा सुग्रीव जनावरं घेऊन सोसायटीच्या चारा छावणीवर, आणि घरात ती अन् गरोदर सून मंजुळा.

आठव्या महिन्यात गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय."

"दमानं पी गं, उद्याला पुरलं पायजे," असं सुनेला रोज चतुराबाईच तर म्हणायची.

"माझ्यामुळं झालं का वो, बाई?"

"तसं नाही, मावशी. कारणं बरीच असतात. तिला आराम द्या, भरपूर पाणी द्या. परवा पुन्हा दाखवा, आणि बाळाचं हलणं कमी वाटलं तर लगेच या."

त्यातलं 'भरपूर पाणी द्या' तेवढंच तिच्या कानात शिरलं. पाणीच आणायचं ना? मग तिला कोण हरवणार होतं!

दुसऱ्या दिवशी टँकरवर ती भांडली नाही. तिनं चक्क पदर पसरला. "सुनंच्या पोटातलं पाणी आटलंय वो. लेकरापुरतं द्या."

बायांनी घागरी खाली ठेवल्या. मग एकेकीनं आपल्या घागरीतला तांब्या कॅनमध्ये ओतला. जिच्याशी उभा दावा होता, त्या रतनबाईनं दोन ओतले.

मंजुळा पिऊन पिऊन मेटाकुटीला आली. "आत्या, न्हाई जात वो आता."

"पी माय. त्याच्यासाठी पी."

स्वतः चतुराबाई नुसते ओठ ओले करून राहिली.

पण तिसऱ्या दिवशी मशीनवर पाणी आणखी कमी दिसलं. बाळाचे ठोकेही मंदावले होते. "आत्ताच सिझर करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चतुराबाईनं जीपमधून मांडीवर जपून आणलेला कॅन पुढं केला. "म्या आणलंय की पाणी! कमी पडलं तर अजून आणते."

"मावशी, ते तिथवर पोचवणं आपल्या हातात नाही हो."

मंजुळाला आत नेताना भीतीनं तिच्या तोंडाला कोरड पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपणहून मागितलं. "आत्या, घोटभर पाणी द्या."

चतुराबाईनं घाईघाईनं झाकण काढलं. नर्सनं तिचा हात धरला. "आता थेंबभरसुद्धा द्यायचं नाही. ऑपरेशन आहे."

"आत्या, घोटभरच..."

दार लागलं. भरलेला कॅन पोटाशी धरून चतुराबाई दाराशी बसली. आतून रडं ऐकू येतंय का म्हणून कान लावला. बराच वेळ काहीच आलं नाही. तिच्याही घशाला कोरड पडली होती, पण त्या पाण्याला तोंड लावायचा तिला धीर झाला नाही.