आईच्या शेजारची जागा

आमच्या चर्चच्या मंडळीत बऱ्याच गोष्टींवरून वाद होतात, अगदी पंख्याच्या वेगापासून पाळकसाहेबांच्या उपदेशाच्या लांबीपर्यंत. पण माझ्या पप्पांना सूर नाही, यावर एकमत आहे. आवाज मात्र दांडगा. कारखान्यातल्या मशिनींच्या खडखडाटात आयुष्य गेलं त्यांचं, हळू बोलणं त्यांना आजारी माणसाचं लक्षण वाटतं. चर्चमध्ये गीत सुरू झालं की ते डोळे मिटून असे काही सुटायचे, की पुढच्या बाकावरची मुलं मागे वळून बघायची. मग आईचं कोपर त्यांच्या बरगडीत बसायचं. पप्पा दोन ओळी शहाण्यासारखं गायचे आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा मूळपदावर यायचे.

आईचा गळा गोड. गायकवृंदात तिला कितीदा तरी बोलावलं, पण ती पप्पांशेजारून हलली नाही. "मी तिकडे गेले तर यांना आवरणार कोण?" म्हणायची. फक्त ईस्टरच्या पहाटे ती एकटी गायची. त्या दिवशी आमची पहिली उपासना दफनभूमीत असते. उजाडायच्या आत सगळे जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, आणि झुंजुमुंजू होताना येशूची कबर रिकामी असल्याचं ते जुनं गीत सुरू होतं. त्याचं पहिलं कडवं आईचं असायचं. दुसऱ्या कडव्यापासून सगळी मंडळी.

तीन वर्षांपूर्वी आई प्रभूकडे गेली. पप्पा येरवड्याचं घर बंद करून माझ्याकडे बिबवेवाडीला आले. काही महिने गेले. मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "आता तयारीला लागायला हवं."

"कुठं निघालात?"

"तिची गाठ घ्यायची तर कुठं जावं लागेल?"

मला रडू फुटलं. ते मात्र बिस्किट बुडवत होते.

आणि खरंच तयारीला लागले. ज्या भावाशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते त्याला स्वतःहून फोन केला, आणि वर जेवायलाही बोलावलं. क्रिकेट बघताना पंचांना शिव्या देणं बंद केलं. म्हणजे मनात देतात, मला दिसतं, पण ओठ घट्ट मिटलेले. रोज सकाळी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा आणि वाचलेलं दिवसभरात एकदा तरी करून बघायचं, असा नेमच धरला. आमच्या मजल्यावरच्या खाष्ट आजींना ते भाजी आणून देऊ लागले तेव्हा कुठला अध्याय चालू असेल याचा मला अंदाज आला.

एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "बाकीचं जमेल हळूहळू. गाण्याचं काय करायचं? तिथं तर सतत गाणंच आहे."

"पप्पा, स्वर्गात कृपेनं घेतात. गाण्याची परीक्षा नसते."

"आत घेतील गं कृपेनं. पण बसवतील कुठं? मला तुझ्या आईच्या शेजारची जागा हवीय. तिथंही तिनं मला कोपरानंच आवरत बसायचं का? आणि लग्नाला फुकट बोलावलंय म्हणून कुणी मळक्या कपड्यांत जातं का?"

मी शाळेत शिकवते, मुलांना गप्प बसवणं हा माझा धंदा आहे. पप्पांपुढे तो चालत नाही.

आमच्या गल्लीत एक बाई गाण्याचा क्लास घेतात. अभंग, भक्तिगीतं, पेटी. शिष्य म्हणजे शाळकरी मुली आणि निवृत्त काकू. बाईंचं बोलणं असं, की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं आपला अपमान झाला. पप्पा त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "मला देवाची गाणी शिकवा. आमच्या देवाची."

"अहो काका, सा सगळ्यांचा एकच असतो. आधी तो लावा." पप्पांनी लावला. बाईंनी पेटीवरचा हात काढून घेतला. "घाई आहे का काही?"

"तशी नाही. पण तारीख माझ्या हातात नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या सहाला या."

मग सुरू झाला रियाझ. पहाटे गॅलरीत मोबाइलवर तंबोरा लावायचा आणि "सा" धरून बसायचं. पप्पांचा सा निघायचा एका जागेवरून आणि पोचायचा भलतीकडेच. चौथ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: 'कुणाचा मिक्सर बिघडला असल्यास कृपया दुरुस्त करून घ्यावा.' मी संतापले. पप्पांनी हसत हसत उत्तर टाकलं: 'दुरुस्ती चालू आहे. सहकार्य करावे.'

आणि काय सांगू, झाली की दुरुस्ती! सगळी नाही, पण एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि गॅलरीतून एक सरळ, स्थिर सूर आला. मला वाटलं, रेडिओ लावलाय. बाहेर जाऊन बघते तर पप्पा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सायकल चालवता आल्यासारखा आनंद. मी पिठाच्या हातांनी त्यांना मिठी मारली.

पण पुढच्याच रविवारी त्यांनी परस्पर पाळकसाहेबांना गाठलं. ईस्टरच्या पहाटेचं पहिलं कडवं मी म्हणतो, म्हणाले. आई गेल्यापासून ते कुणी एकट्यानं म्हटलंच नव्हतं. पाळकसाहेब भिडस्त माणूस, त्यांना नाही म्हणता येत नाही. मला मात्र धडकी भरली. पप्पांना लोक एरवी हसतात ते प्रेमानं, आणि ते मला चालतं. पण आईच्या कबरीशी, आईच्या कडव्याचं हसं झालं असतं तर मला सोसलं नसतं. त्यातून पप्पांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, तर त्याहून वाईट.

"घरीच म्हणा ना," मी विनवलं.

"तयारी घरी करतात, बाळ. म्हणायचं चारचौघांत."

ईस्टरच्या पहाटे हवेत छान गारवा होता. आईच्या कबरीवर आम्ही मेणबत्त्या लावल्या, मोगरा वाहिला. फाटकापाशी पाहते तर डोक्यावर पदर घेऊन बाई उभ्या! शिष्याची लाज राखायला आल्या होत्या की स्वतःची, कोण जाणे. पाळकसाहेबांनी खूण केली. मी पप्पांच्या उजव्या हाताला, जिथं आई उभी राहायची तिथं, जाऊन उभी राहिले.

पप्पांनी पहिली ओळ म्हटली. सुरात. अगदी आईच्याच पट्टीत, फक्त एक सप्तक खाली. मागच्या माना वर झाल्या. दुसरी ओळही सुरात. गायकवृंदातल्या एका मावशींनी डोळ्याला रुमाल लावला आणि मीही मोठा श्वास सोडला. मग आली तिसरी ओळ. पप्पांनी मान वर केली, डोळे मिटले आणि सुटले! तोच जुना दांडगा आवाज, सुराचा पत्ता नाही. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझं कोपर त्यांच्या बरगडीत बसलंच. पप्पा चौथ्या ओळीला पुन्हा खाली, सुरात आले. तेवढ्यात दुसरं कडवं लागलं. सगळी मंडळी हसत हसत, काहीजण रडत रडत गाऊ लागली आणि पूर्वेला उजाडलं.

"प्रभू उठला आहे!" पाळकसाहेब म्हणाले. "खरोखर उठला आहे!" सगळ्यांत मोठ्यांदा पप्पा.

चहा आणि क्रीमरोल वाटत होते तिथं बाईंनी त्यांना गाठलं. "काका, तिसऱ्या ओळीला काय झालं? काल तर चोख होती."

"चुकलो नाही, बाई." पप्पा बरगडी चोळत खुशीत माझ्याकडे बघत होते. "तिथं सगळेच सुरात गाणार. एवढ्या गर्दीत ती मला शोधणार कशी?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "मग ती ओळ तशीच ठेवा," त्या म्हणाल्या. "बाकीच्या उद्या सहाला घोटू."