ॲप्रनचे पट्टे आणि माझं माप

चहा घ्या, पण कप हातात धरून ऐकू नका, सांडेल. एरवी मी लोकांच्या फजितीच्या गोष्टी सांगते. ही माझी आहे, आणि मी नाही सांगितली तरी शेवंती सांगणारच आहे. मग तिच्या तोंडून कशाला ऐकता?

मी मालवणच्या मासळी बाजारात मासे कापून देते. सुरमई आणा, बांगडे आणा, साफ करून, तुकडे करून पिशवीत घालून देईन. सकाळपासून पाटावर बसायचं आणि विळीवर वाकायचं. अंगावर रेक्झिनचा जाड ॲप्रन, त्याचा पट्टा गळ्यात. पाण्याने तो असा जड होतो की दुपारी मान वर करायची तर दोन्ही हातांनी धरून करावी लागते. बैल तरी संध्याकाळी जू उतरल्यावर डुरकतो. मी घरी जाऊन भाकऱ्या भाजते.

शेवंती माझ्या शेजारी बसून मासे कापते. ती एक दिवस म्हणाली, गळ्यातला पट्टा काढून टाक, दोन्ही खांद्यांवरून पट्टे घे आणि पाठीवर फुली मार, वजन मानेवर येणार नाही. शेवंतीला अक्कल आहे हे मी सहसा कबूल करत नाही. पण हे पटलं.

आता शिवायचं कोणाकडे? माझे ब्लाऊज पंचवीस वर्षं भिकूनानांनी शिवले. पण त्यांना दिसेनासं झालं, गेल्या वर्षी त्यांनी मशीन बंद केलं. बाजाराच्या मागे रुपालीने नवं दुकान घातलं होतं. आमच्या वाडीतली सून. दुकान म्हणजे काय, एक मशीन नि एक स्टूल. सासूने तिला चार महिन्यांची मुदत दिली होती. चाललं तर ठीक, नाहीतर मशीन विकून घरात बस. हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. मलाही माहीत होतं, ते लक्षात ठेवा.

मी ॲप्रन घेऊन गेले. पोरीने गळ्यातली टेप काढली नि म्हणाली, "काकी, हात वायच वर करा, माप घेतंय."

आता तुम्हीच सांगा, आम्ही कधी अंगावर माप दिलंय? अंगाला नीट बसणारा एक ब्लाऊज ट्रंकेत जपून ठेवायचा, तो शिवणाऱ्याकडे टाकायचा, त्यावरून शीव म्हणायचं. मापाचा ब्लाऊज. खांदा, पाठ, छाती, सगळं त्यात आलं. टेप लावायला मी काय खिडकी आहे, पडदा शिवायला?

मी म्हटलं, "टेप ठेव ती. ह्यो मापाचो ब्लाऊज. नानांनी पंचवीस वर्सां तेच्यावरसूनच शिवल्यानी."

तिने ब्लाऊज उलगडला. माझ्याकडे बघितलं. मग परत ब्लाऊजकडे. "काकी, पण ह्यो..."

"पण काय? शिवतस, काय दुसरीकडे देव?"

बिचारीने त्याच मापाने पट्टे शिवून दिले.

दुसऱ्या दिवशी बाजारात ॲप्रन चढवला. चढवला म्हणजे शेवंतीने मागून ओढला नि मी पुढून शिरले. पट्टे खांद्यांत असे रुतले की हात दोन्ही बाजूंना बुजगावण्यासारखे उभे. ॲप्रनची वरची कड हनुवटीला. विळीवर वाकायला गेले तर पट्ट्यांनी मला परत सरळ केलं. त्या दिवशी मी हवालदारासारखी ताठ बसून बांगडे कापले. बांगड्यांचं काय झालं विचारू नका. एक बाई म्हणाली, हे तुकडे आहेत की चटणी?

मी गप्प बसेन असं वाटलं तुम्हाला? येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, ही रुपालीची करणी, तिला कात्री कुठून धरायची ते माहीत नाही, कापड देऊ नका. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. तो जेटीपर्यंत जातो. दोन दिवसांत तिघीजणींनी रुपालीकडून आपली कापडं परत आणली.

तिसऱ्या दिवशी रुपाली स्वतः माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात माझा ब्लाऊज, नीट घडी घातलेला. डोळे लाल, पण आवाज सरळ.

"काकी, तुमच्या ब्लाऊजाक दोरो लावन पट्टे कापलंय. अर्धो इंच जरी चुकलंय असलंय, तर आजच मशीन विकतंय. चला नानांकडे."

मी कशाला घाबरू? तसाच ॲप्रन अंगात, हात बाजूला, मी पुढे, रुपाली मागे, आणि बोलावलं नसताना शेवंती.

नाना ओटीवर बसले होते. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटं अजून टेलरची. शेवंतीने माझ्या अंगातून ॲप्रन सोलून काढला. नानांनी एका हातात पट्टा धरला, दुसऱ्यात ब्लाऊज, वीत लावून बघितली, परत लावून बघितली.

"पोरीन बरोबर कापल्यान," म्हणाले.

"बरोबर? मगे माका बसणा नाय तो कसो? ह्याच ब्लाऊजावरसून तुमी पंचवीस वर्सां शिवलास, तेवा बरो बसायचो."

नाना खाकरले.

"कुसुम, डोळे गेले तशी तुझी भीती पण गेली, म्हणान आता सांगतंय. ह्यो ब्लाऊज मी मापाक कधी घेवकच नाय. खुंटयेक टांगून ठेवायचंय. तू दारात येवन उभी रवलस काय उजेड किती अडता तां बघायचंय, नि तेच्यावर कापायचंय."

"मगे सांगूक काय झाला होता?"

"सांगूची छाती कोणाची होती गो?"

तो ब्लाऊज माझ्या साखरपुड्याचा. तेव्हा मी शेवग्याच्या शेंगेएवढी होते. आणि इतकी वर्षं मी वाडीभर सांगत फिरले होते, लग्नाला जमाना झाला तरी माझं माप तेच आहे म्हणून. शेवंती मोठ्याने हसली असती तर मी तिला बघून घेतलं असतं. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. त्याचा राग जास्त आला.

पण पोर रडत होती. माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली, तीही निकाल तिच्या बाजूने लागल्यावर.

दुसऱ्या दिवशी बाजार भरल्यावर मी उभी राहिले, आणि ज्या आवाजात तिची बदनामी केली त्याच आवाजात सांगितलं. पोरीची कात्री सरळ आहे, माझा ब्लाऊज साखरपुड्याचा आहे, हसायचं असेल त्यांनी एकेक करून पुढे या. आले की. एका कोळंबीवाल्याने तर दोनदा नंबर लावला. पण तिघींची कापडं संध्याकाळच्या आत रुपालीच्या स्टुलावर परत गेली, नि चौथं गिऱ्हाईक म्हणून शेवंतीचा ॲप्रन गेला.

मग मी तिच्या दुकानात जाऊन मुकाट्याने हात वर केले. तिने टेप लावली, आकडा मोठ्याने वाचला नाही, वहीत लिहायला घेतला.

मी म्हटलं, "गो, पेन्सिलीन लिव. उद्या बारीक झालंय तर खोडूक येतला."

"पेन्सिलीनच लिवतंय, काकी," ती मान खाली घालून म्हणाली. "नानांनी सांगून ठेवल्यानी. कुसुमचां माप पेनान लिवू नको, दर दिवाळेक वाढवूचां लागता."